आयुर्वेद महाविद्यालयातील माहिती-तंत्रज्ञान सुशासनाचे परीक्षण : स्वरूप, पद्धती व आवश्यकता

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांचे स्वरूप झपाट्याने पालटले आहे. पूर्वी प्रवेश, हजेरी, गुणपत्रके, बाह्यरुग्ण विभागातील केसपेपर, आंतररुग्ण विभागातील खाटांची नोंद, औषधी भांडाराचा साठा आणि ग्रंथालयातील देवघेव या सर्व गोष्टी जाडजूड नोंदवह्यांत बंदिस्त असत. आज त्यांतील बहुतेक नोंदी संगणकावर होतात. अध्यापकांची हजेरी बोटाच्या ठशावर लागते. परीक्षेचे अर्ज विद्यापीठाकडे संगणकामार्फत जातात. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग २०२१ साली केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या जागी आला आणि महाविद्यालयाच्या मान्यतेचा विचार करताना रुग्णसंख्या, अध्यापकसंख्या व सुविधा यांची माहिती अशाच नोंदींवरून तपासली जाते. सारांश, महाविद्यालयाची मान्यता, विद्यार्थ्याचे वर्ष आणि रुग्णाचा इतिहास या तिन्ही गोष्टी आता संगणक-प्रणालीच्या हवाली झालेल्या आहेत.

महाविद्यालयाच्या जमाखर्चाचे लेखापरीक्षण दरवर्षी सनदी लेखापालांकडून होते, याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. परंतु ज्या यंत्रणेत ही सर्व माहिती साठविली जाते, त्या यंत्रणेचा कारभार कोणाच्या निर्णयाने, कोणत्या नियमांनी व कोणाच्या देखरेखीखाली चालतो, याचे परीक्षण मात्र फार थोड्या संस्था करून घेतात. आपल्या संघटनेचे अनेक सभासद विविध शिक्षण संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर, व्यवस्थापन समित्यांवर अथवा अध्यापकवर्गात आहेत. औषधनिर्मिती व औषधविक्री करणाऱ्या सभासदांचा महाविद्यालयीन रुग्णालयांशी नित्य व्यवहार असतो. त्या सर्वांस उपयोगी पडावे, या हेतूने प्रस्तुत लेखात माहिती-तंत्रज्ञान सुशासनाच्या परीक्षणाचा परिचय करून दिला आहे.

सुशासन व व्यवस्थापन यांतील भेद

हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात, तथापि परीक्षणाच्या दृष्टीने त्यांतील भेद मूलभूत आहे. सर्व्हर चालू ठेवणे, बिघाड दुरुस्त करणे, नवीन विद्यार्थ्यांची नावे प्रणालीत भरणे, प्रती काढून ठेवणे ही व्यवस्थापनाची कामे होत. ती संगणक विभागाने करावयाची असतात. याउलट, संस्थेस कोणती प्रणाली हवी, ती कशासाठी हवी, तिच्यावर किती खर्च करावा, कोणती जोखीम पत्करावी व कोणती पत्करू नये, आणि ठरविल्याप्रमाणे काम होत आहे की नाही हे कोणी पाहावे, हे ठरविणे म्हणजे सुशासन. हे काम विश्वस्त मंडळ, व्यवस्थापन समिती व प्राचार्य यांचे आहे.

या विषयावरील आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ/आयईसी ३८५००, प्रथम २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यात संचालक मंडळाची तीन कर्तव्ये सांगितली आहेत: मूल्यमापन करणे, दिशा देणे व लक्ष ठेवणे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर वैद्याने रुग्णाची अवस्था पाहावी, चिकित्सासूत्र ठरवावे व उपशय-अनुपशयाकडे लक्ष ठेवावे, परंतु काढा उकळण्याचे काम परिचारकाकडे द्यावे, असाच हा विभाग आहे. परिचारक कितीही कुशल असला तरी चिकित्सासूत्र ठरविण्याची जबाबदारी वैद्यास त्याच्यावर ढकलता येत नाही.

आपल्याकडील अनेक संस्थांत नेमके हेच घडते. “संगणकाचे सगळे आमचे ऑपरेटर पाहतात,” असे सांगितले जाते आणि ते कौतुकाने सांगितले जाते. या वाक्याचा अर्थ असा की, संस्थेचे सुशासन एका पगारदार कर्मचाऱ्याच्या स्वाधीन झालेले आहे.

दोन बोधप्रद उदाहरणे

पहिले उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. २०१७ सालच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय विद्यापीठाने घेतला. सुमारे १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून अध्यापकांपर्यंत पोहोचवावयाच्या होत्या. स्कॅनिंग, अध्यापकांचे प्रशिक्षण व उत्तरपत्रिकांची जुळवणी या प्रत्येक टप्प्यावर अडचणी आल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत व कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लावणे अपेक्षित असते. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली होती, तीही टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, विद्यार्थ्यांच्या पुढील प्रवेशांचे नुकसान झाले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याचे तंत्रज्ञान अन्यत्र वापरात होते व आजही आहे. दोष तंत्रज्ञानाचा नव्हता. सर्व विद्याशाखांच्या परीक्षांना एकदम ते लागू करण्यापूर्वी एखाद्या लहान शाखेत प्रयोग करावा की नाही, वेळापत्रक शक्य आहे की नाही, फसल्यास पर्यायी मार्ग कोणता, हे प्रश्न सुशासनाचे होते. ते प्रश्न निर्णयापूर्वी लेखी स्वरूपात विचारणे, हेच परीक्षणाचे काम होय.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे. ही संस्था रुग्णालय आहे तशीच उच्च शिक्षण संस्थाही आहे, म्हणून ते आपल्यास अधिक जवळचे आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील संगणक-प्रणालीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार ५ सर्व्हर बाधित झाले व सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. संस्थेच्या संगणक-जाळ्याचे योग्य विभाजन केलेले नसणे, हे कारण नमूद करण्यात आले. सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्यांचे अहवाल व देयके यांची कामे हाताने करावी लागली. समाधानाची गोष्ट अशी की, बाधित न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णालयाची माहिती परत मिळविता आली.

याच्या तुलनेत नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाचा अनुभव पाहावा. डिसेंबर २०१९ मध्ये तेथे असाच हल्ला झाला. काही महत्त्वाच्या प्रणालींच्या बॅकअप प्रती त्याच जाळ्यास जोडलेल्या असल्यामुळे त्याही कुलूपबंद झाल्या. अखेरीस विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे २ लाख युरो, खंडणी म्हणून दिले. प्रत कोठे ठेवावी हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न संस्थेचे भवितव्य ठरवितो, हे या दोन घटना शेजारी ठेवल्यास स्पष्ट होते.

परीक्षण कशाच्या आधारे करावे?

परीक्षण म्हणजे परीक्षकाचे वैयक्तिक मत नव्हे. त्यास पूर्वनिश्चित मापदंड लागतात. औषधनिर्मिती करणाऱ्या सभासदांस हे नव्याने सांगावयास नको. अनुसूची ‘टी’ प्रमाणे तपासणीस आलेला औषध निरीक्षक च्यवनप्राशाची चव पाहून जात नाही. तो प्रत्येक बॅचची नोंद, कच्च्या मालाची तपासणी व स्वच्छतेची नोंद मागतो. जे लिहिलेले नाही ते झालेले नाही, असे तो धरून चालतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या परीक्षणातही हाच न्याय लागू आहे.

मापदंड तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार मानकांचा. वर उल्लेखिलेल्या मानकाखेरीज ‘कोबिट’ ही चौकट सर्वाधिक प्रचलित आहे. आयसाका या संस्थेने ती १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्या २०१९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवृत्तीत ४० उद्दिष्टे आहेत. त्यांपैकी ५ सुशासनाची व ३५ व्यवस्थापनाची आहेत. शंभर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने ही चाळीसही उद्दिष्टे तपासण्याची गरज नाही. व्याधीनुसार द्रव्ये निवडावीत, त्याप्रमाणे आपल्या संस्थेच्या जोखमीनुसार दहा-बारा उद्दिष्टे निवडली तरी पुरे.

दुसरा प्रकार कायद्याचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा विद्यार्थी, कर्मचारी व रुग्ण या तिघांच्याही माहितीस स्पर्श करतो. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होतात. माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद अधिनियमात आहे. त्याचप्रमाणे सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे व प्रणालीतील नोंदी १८० दिवस जपून ठेवणे सांगितले आहे. आपल्या संस्थेच्या नोंदणीच्या स्वरूपानुसार यांतील कोणती तरतूद कशी लागू होते, हे विधिज्ञाकडून लेखी घ्यावे.

तिसरा प्रकार संस्थेच्या स्वतःच्या नियमांचा. संस्थेने स्वतः ठरविलेले धोरण, समितीचे ठराव व पुरवठादाराशी केलेले करार हे सर्वांत महत्त्वाचे मापदंड होत. संस्थेजवळ असे धोरणच नसेल, तर ‘धोरण नाही’ हाच परीक्षणाचा पहिला निष्कर्ष ठरतो.

परीक्षक कोण असावा?

ज्याने प्रणाली बसविली तो पुरवठादार परीक्षक असू नये. जो प्रणाली चालवितो तो संगणक विभागप्रमुखही असू नये. स्वतः तयार केलेल्या भस्माची परीक्षा स्वतःच करून प्रमाणपत्र देण्यासारखे ते होईल. मोठ्या संस्थांनी प्रमाणित माहिती-प्रणाली परीक्षकाची नेमणूक करावी. लहान संस्थांनी निदान अन्य महाविद्यालयातील संगणक-जाणकार, एक सनदी लेखापाल आणि रुग्णालयाचे कामकाज जाणणारा एक वैद्य अशी त्रिसदस्य समिती करावी. वैद्य कशासाठी, असा प्रश्न येईल. बाह्यरुग्ण विभागातील नोंद खरी वाटते की नाही, हे केवळ संगणक-तज्ज्ञास कळत नाही. शरद ऋतूत कोणत्या तक्रारींचे रुग्ण वाढतात व पंचकर्म कक्षात दिवसाकाठी किती बस्ती देणे शक्य आहे, हे वैद्यासच ठाऊक असते.

परीक्षकाने आपला अहवाल प्राचार्यांस प्रत देऊन थेट विश्वस्त मंडळास सादर करावा. संगणक विभागामार्फत तो वर जाऊ नये.

परीक्षणाची सहा क्षेत्रे

१. निर्णय व जबाबदारी : माहिती-तंत्रज्ञानविषयक समिती आहे काय? तिच्या बैठका होतात काय? इतिवृत्तात निर्णयाची कारणे लिहिली आहेत काय? प्रत्येक प्रणालीचा एक जबाबदार ‘धनी’ नेमला आहे काय? परीक्षा प्रणालीचा धनी परीक्षा विभागप्रमुख, रुग्णालय प्रणालीचा धनी रुग्णालय अधीक्षक, असे नावानिशी लिहिलेले असावे.

२. खरेदी व करार : प्रणाली घेण्यापूर्वी गरज लेखी ठरविली होती काय? निदान तीन दरपत्रके मागविली होती काय? करार चालू आहे की संपलेला आहे? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माहिती कोणाच्या मालकीची आहे? पुरवठादाराशी संबंध संपल्यास सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, असे कलम करारात नसेल तर संस्था पुरवठादाराची ओलीस ठरते.

३. प्रवेशाधिकार : कोणास काय पाहता येते व कोणास काय बदलता येते? नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद केली आहेत काय? एकाच खात्यावर अनेकजण काम करतात काय? गुण भरणारा व गुण कायम करणारा हे दोन वेगळे आहेत काय?

४. माहितीची विश्वासार्हता : नोंद झाल्यावर ती बदलल्यास जुनी नोंद, बदलणाऱ्याचे नाव, दिनांक व वेळ राहते काय? सर्व संगणकांची घड्याळे जुळतात काय? एका विभागातील आकडा दुसऱ्या विभागातील आकड्याशी मेळ खातो काय?

५. सातत्य : बॅकअप रोज होतो काय? त्याची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली व दुसऱ्या इमारतीत आहे काय? ती प्रत परत उघडून पाहण्याची चाचणी शेवटी कधी झाली? प्रणाली दोन दिवस बंद पडल्यास बाह्यरुग्ण विभाग कागदावर कसा चालवावा, याची लेखी योजना आहे काय?

६. गोपनीयता व मनुष्यबळ : रुग्णाचे केसपेपर मोबाइलवर छायाचित्र काढून पाठविले जातात काय? आंतरवासीयांस रुग्णनोंदींच्या गोपनीयतेविषयी काही शिकविले जाते काय? मुख्य पासवर्ड एकाच व्यक्तीस ठाऊक आहे काय, आणि ती व्यक्ती अचानक रजेवर गेल्यास काय होईल?

पुरावा : चतुर्विध परीक्षा

परीक्षकाने पुरावा कसा गोळा करावा, हे समजावून सांगण्यास चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलेल्या चतुर्विध परीक्षेचा आधार चांगला घेता येतो.

आप्तोपदेश म्हणजे येथे अधिकृत कागदपत्रे व जबाबदार व्यक्तींची निवेदने. धोरण, ठराव, करार व नियमावली प्रथम वाचाव्यात. परंतु तेवढ्यावर थांबू नये.

प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहणे. सर्व्हर ठेवलेल्या खोलीस कुलूप आहे काय, हे जाऊन पाहावे. नोंदणी खिडकीवर अर्धा तास उभे राहावे. पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी पडद्यास चिकटविलेली असल्यास ती तेथेच दिसते. कोणत्याही कागदपत्रांत ती सापडत नाही.

अनुमान म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा निष्कर्ष काढणे. उदाहरणार्थ, मागील महिन्यातील कोणतेही पाच दिवस निवडावेत. त्या दिवशी संगणकावर नोंदविलेले बाह्यरुग्ण, औषधी वितरण कक्षातून दिलेली औषधे, प्रयोगशाळेतील तपासण्या व जमा झालेले नोंदणी शुल्क यांचा मेळ घालावा. रुग्णसंख्या मोठी आणि औषधसाठा जवळजवळ जैसे थे असेल, तर दोहोंपैकी एक नोंद चुकीची आहे, हे निश्चित. त्याचप्रमाणे शंभर रुग्णांची नोंद सायंकाळी सहानंतर काही मिनिटांत झालेली आढळली, तर त्याचे कारण विचारलेच पाहिजे. वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे कागदावरील नोंदी नंतर भरल्या, असे समाधानकारक कारणही असू शकते. मात्र तसे असल्यास तो कागद दाखविता आला पाहिजे.

युक्ती म्हणजे अनेक कारणांचा योग जमवून परिणाम पडताळणे. येथे तिचे रूप चाचणीचे आहे. बॅकअप आहे असे सांगितल्यास तो परीक्षकासमोर दुसऱ्या संगणकावर उघडून दाखविण्यास सांगावे. बंद केलेल्या खात्याने प्रवेश करून पाहावा. जी प्रत कधीही उघडून पाहिली नाही, तिला प्रत म्हणता येत नाही.

निष्कर्ष कसा मांडावा?

अननुभवी परीक्षकाचा अहवाल बहुधा तक्रारींची यादी ठरतो. ‘पासवर्ड कच्चे आहेत’, ‘संगणक जुने आहेत’ अशा वाक्यांनी कोणाचेच समाधान होत नाही आणि विश्वस्तांस काय करावे हे समजत नाही. प्रत्येक निष्कर्षात पाच अंगे असावीत: काय असावयास हवे होते ती प्रकृती, काय आढळले ते लिंग, का घडले तो हेतू, उपेक्षा केल्यास संभवणारा उपद्रव, आणि करावयाचे औषध. हेतू, लिंग व औषध ही आयुर्वेदाची त्रिसूत्रीच येथे कामास येते.

एका महाविद्यालयाच्या अशा परीक्षणात वैद्यकीय सदस्य म्हणून सहभागी होण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. तेथील एक निष्कर्ष उदाहरणादाखल देतो. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीची एका विषयातील हजेरी प्रणालीत ७५ टक्क्यांहून कमी दिसत होती व त्यामुळे तिला परीक्षेस बसू देण्याविषयी वाद निर्माण झाला होता. तिचे म्हणणे होते की, महिन्यापूर्वी तीच हजेरी पुरेशी दिसत होती. प्रणालीत पाहता नोंद मागाहून बदललेली होती हे खरे ठरले. परंतु ज्या खात्यावरून ती बदलली ते खाते कार्यालयातील तिघे लिपिक पाळीपाळीने वापरत असत. कोणी व कशासाठी बदल केला, याचे उत्तर मिळणे अशक्य होते. अखेर त्या विषयाच्या अध्यापकांनी सवयीने जपलेली हस्तलिखित हजेरीवही सापडली, तीत विद्यार्थिनीची उपस्थिती पुरेशी निघाली आणि तिचे वर्ष वाचले.

अहवालात हा निष्कर्ष पुढीलप्रमाणे लिहिला गेला. प्रकृती : प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र खाते असावे व मागाहून केलेल्या बदलास विभागप्रमुखांची मान्यता असावी. लिंग : तिघांचे एकच खाते, बदलाचे कारण नोंदविण्याची सोय नाही. हेतू : प्रणाली घेताना खात्यांच्या संख्येवर शुल्क होते, म्हणून काटकसरीसाठी एकच खाते घेण्यात आले, या निर्णयाची जोखीम समितीपुढे कधीही मांडली गेली नाही. उपद्रव : निर्दोष विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाणे, तसेच निर्दोष लिपिकावर संशय येणे. औषध : एक महिन्यात स्वतंत्र खाती, बदलास दुहेरी मान्यता, तसेच दरमहा हजेरीची छापील प्रत अध्यापकांच्या स्वाक्षरीने जतन करणे.

येथे वाचकांनी ‘हेतू’ या अंगाकडे विशेष लक्ष द्यावे. लिपिकांस दोष देऊन प्रकरण संपविता आले असते. परंतु मूळ हेतू खरेदीच्या निर्णयात होता. केवळ लक्षणाची चिकित्सा केल्यास व्याधी पुन्हा उद्भवतो, हे आपणांस सांगणे न लगे. माहिती-तंत्रज्ञानातील बहुसंख्य दोषांचा माग काढीत गेल्यास तो शेवटी कोणत्या तरी न झालेल्या चर्चेशी अथवा न लिहिलेल्या ठरावाशी जाऊन पोहोचतो. म्हणूनच यास सुशासनाचे परीक्षण म्हणतात.

क्षमतेची पातळी

कोबिटमध्ये प्रत्येक प्रक्रियेची क्षमता ० ते ५ अशा पातळ्यांत मोजतात. ढोबळ मानाने सांगावयाचे तर, शून्य म्हणजे प्रक्रियाच अपूर्ण. एक म्हणजे काम होते, परंतु व्यक्तीच्या मर्जीप्रमाणे. दोन म्हणजे काम योजून व तपासून होते. तीन म्हणजे ठरविलेली रीत लेखी असून सर्वत्र एकसारखी पाळली जाते. चार म्हणजे तिचे मापन आकड्यांत होते. आणि पाच म्हणजे त्या आकड्यांवरून सतत सुधारणा होते. सर्व क्षेत्रांत पाचवी पातळी गाठण्याचा अट्टाहास धरू नये. अग्निबल पाहून आहारमात्रा ठरवावी, त्याप्रमाणे परीक्षा, हजेरी व रुग्णनोंदी या विषयांत तिसरी पातळी गाठणे, आणि संकेतस्थळ अथवा ग्रंथालय यांत तूर्त दुसऱ्या पातळीवर समाधान मानणे, हे लहान महाविद्यालयास झेपण्यासारखे आहे. कोणत्या क्षेत्रात किती पातळी हवी हे मात्र व्यवस्थापन समितीने ठरावाने निश्चित करावे; परीक्षकाने नव्हे.

अहवालानंतरचे पथ्य

औषध लिहून दिले आणि रुग्ण पुन्हा आलाच नाही, तर चिकित्सा पूर्ण झाली असे आपण म्हणत नाही. परीक्षणाचेही तसेच आहे. प्रत्येक निष्कर्षापुढे जबाबदार व्यक्तीचे पदनाम व मुदत लिहावी. गंभीर दोषांस एक महिना, मध्यम दोषांस एक सत्र व सौम्य दोषांस एक वर्ष अशी सर्वसाधारण मर्यादा ठेवावी. समितीच्या प्रत्येक बैठकीत ‘मागील परीक्षणावरील कार्यवाही’ हा विषय कायम ठेवावा. सहा महिन्यांनी परीक्षकाने पुन्हा येऊन केवळ तेवढेच दोष तपासावेत. एखादी जोखीम खर्चामुळे तूर्त स्वीकारावयाची असेल, तर तसा ठराव करावा. जाणूनबुजून स्वीकारलेली जोखीम आणि माहीतच नसलेली जोखीम यांत मोठे अंतर आहे.

परीक्षणास विरोधही होतो. खर्च होईल, दोष बाहेर येतील, आयोगाच्या तपासणीच्या तोंडावर नको, अशी कारणे पुढे येतात. वस्तुतः बाहेरच्या तपासणीत दोष सापडण्याआधी तो घरच्या परीक्षणात सापडणे केव्हाही हितावह असते. शिवाय पूर्वरूपावस्थेतच व्याधी ओळखल्यास चिकित्सा अल्प असते. स्वतंत्र खाती देण्यास फारसा खर्च येत नाही, आणि बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीतील कपाटात ठेवण्यास तर जवळजवळ काहीच नाही.

व्यावसायिक व फार्मसीचालकांनी काय करावे?

जे सभासद संस्थांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी पुढील बैठकीत तीनच प्रश्न विचारावेत. आपल्या प्रणालींची यादी व प्रत्येकीचा जबाबदार अधिकारी कोण? शेवटची प्रत परत उघडून कधी पाहिली? पुरवठादाराबरोबरचा करार कधी संपतो व माहिती कोणाची? या तीन प्रश्नांची उत्तरे लगेच मिळाली नाहीत, तर परीक्षणाची आवश्यकता सिद्ध होते.

जे सभासद महाविद्यालयीन रुग्णालयांस औषधे पुरवितात, त्यांनी आपली देयके व चलने यांच्या प्रती नीट जपाव्यात. साठ्याचा मेळ घालताना परीक्षक पुरवठादाराकडील नोंदीही मागू शकतो. तेथे आपला बॅच क्रमांक, परिमाण व दिनांक जुळणे हे आपल्याही पतीचे रक्षण आहे.

आणि स्वतःच्या चिकित्सालयात अथवा औषधालयात ज्यांनी संगणक ठेवला आहे, त्यांनी वरील सहा क्षेत्रे लहान प्रमाणात स्वतःस लावून पाहावीत. मदतनीसाचे खाते वेगळे आहे काय, रुग्णनोंदींची प्रत कोठे आहे, आणि सॉफ्टवेअर देणारा उद्या भेटला नाही तर वीस वर्षांचे रुग्ण-इतिहास वाचता येतील काय, एवढे पाहण्यास एक दुपार पुरेशी होते.

उपसंहार

संगणक हा उपकरणमात्र आहे. चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्यास प्राधान्य दिलेले आहे, कारण द्रव्य, उपस्थाता व रोगी यांचा योग्य उपयोग त्याच्या विवेकावर अवलंबून असतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या बाबतीत तो विवेक संस्थेच्या धुरीणांनी दाखवावयाचा आहे. आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीवर समाजाचा विश्वास राहावा, रुग्णालयातील नोंदींवर पुढील संशोधन उभे राहावे आणि एकाही विद्यार्थ्याचे वर्ष निनावी खात्यावरील एका कळीने वाया जाऊ नये, यासाठी आर्थिक लेखापरीक्षणाच्या जोडीने हे परीक्षणही वार्षिक रिवाज व्हावे. संघटनेच्या जिल्हा शाखांनी आपापल्या परिसरातील महाविद्यालयांसाठी परस्पर परीक्षण समित्या स्थापन करण्याचा विचार अवश्य करावा, ही विनंती.